वाचून दाखवलेली पुस्तकं: सध्या घरात मोठ्याने काय वाचताय?

दिवेलागण

नमस्कार मंडळी.

आईला काचबिंदू आहे. गेल्या पावसाळ्यापासून तिला छापील अक्षर लागेनासं झालं. गावच्या वाचनालयातून दर आठवड्याला दोन पुस्तकं आणणारी बाई ती. आधी चष्मा बदलला, मग भिंग आणलं, मग मोबाइलवर अक्षर मोठं करून पाहिलं. एका संध्याकाळी तिने हातातलं पुस्तक मिटलं आणि माझ्याकडे दिलं. ‘आता तू वाच,’ एवढंच म्हणाली. तेव्हापासून रोज देवापाशी दिवा लावून झाला की आम्ही दोघी बसतो. पाऊण तास. त्याच्या पुढे माझा घसा साथ देत नाही.

सुरुवात ‘स्मृतिचित्रे’ने केली. लक्ष्मीबाई टिळकांचं हे आत्मचरित्र मी कॉलेजात असताना वाचलं होतं आणि ते मला माहीत आहे अशा समजुतीत होते. मोठ्याने वाचायला लागल्यावर कळलं की तेव्हा मी नुसती गोष्ट वाचली होती, बाईंचा आवाज ऐकलाच नव्हता. त्यांची वाक्यं श्वासाएवढी आहेत. कुठे दम घ्यायचा हे शोधावं लागत नाही, जीभ कुठे अडखळत नाही. शाळेचं तोंड न पाहिलेली, नवऱ्याने हौसेने अक्षरओळख करून दिलेली ही बाई साठी ओलांडल्यावर लिहायला बसते आणि बोलते तशीच लिहिते. १९३४ ते १९३६ या काळात हे चार भागांत छापलं गेलं. नव्वद वर्षं होत आली, तरी आमच्या स्वयंपाकघरात एकही वाक्य परकं वाटत नाही.

पहिल्याच पानांत त्यांच्या वडिलांचं, नानांचं सोवळं येतं. घरात आलेला किराणा धुऊन घ्यायचा, अगदी मीठसुद्धा. आई हसत होती. मग मी थोडं मागे जाऊन ते पुन्हा वाचलं: सत्तावनच्या धामधुमीत नानांच्या सासऱ्यांना फाशी झाली आणि त्यानंतर हे सोवळ्याचं वेड त्यांच्या डोक्यात शिरलं. आईचं हसू थांबलं. ‘माणूस घाबरला की धूत सुटतो गं,’ ती म्हणाली आणि तिच्या एका आत्याची गोष्ट सांगायला लागली, जी मी पन्नास वर्षांत कधी ऐकली नव्हती. त्या दिवशी पुढे वाचणं झालंच नाही.

तर विचारायचं हे की तुमच्याकडे कुणी कुणाला वाचून दाखवतं का? कोणतं पुस्तक मोठ्याने वाचताना उजळलं आणि कोणतं पडलं? नुसती नावं नकोत, वाचताना काय झालं तेही सांगा.

खापराचे मांडे

ताई, धागा फार जवळचा आहे. आमच्याकडे उलटं चालतं. मी आजीला वाचून दाखवतो आणि आजी मला शिकवते.

आजी जळगावकडची, लेवा पाटीदार, शाळेत कधी न गेलेली. तिला बहिणाबाई चौधरींच्या कविता वाचून दाखवायला घेतल्या. दहावीत कविता तालासुरात म्हणून बक्षीस मिळवलेला मी, त्यामुळे जरा ऐटीत सुरुवात केली. चौथ्या ओळीला आजीने थांबवलं. ‘असं पुस्तकासारखं नको म्हनू.’ आमच्या बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळे म्हणजे डोये, केळी म्हणजे केयी. कागदावर तो ‘य’ छापलेलाच आहे, पण मी तो शहरातल्या जिभेने उच्चारत होतो, प्रत्येक अक्षर सुटं करून. आजीने तीच ओळ जात्यावर म्हणावी तशी म्हटली आणि दोन शब्दांच्या मधे जो हेल आला, तो कुठल्याही छापखान्याला छापता येणार नाही.

बहिणाबाईंनी हातात कधी लेखणी धरली नाही. शेतात, जात्यापाशी त्या म्हणायच्या आणि मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ पितांबर चौधरी टिपून घ्यायचे. ३ डिसेंबर १९५१ला त्या गेल्या. पुढच्या वर्षी अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. स्वतःचं पुस्तक त्यांनी पाहिलंच नाही. आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘तिला कायले पाहायचं? तिच्या तोंडातच व्हतं.’

तेव्हापासून मला वाटतं, हे पुस्तक म्हणजे टिपण आहे. खरी कविता आजीसारख्या माणसांच्या जिभेवर आहे. ती माणसं आहेत तोवर त्यांच्याकडून म्हणवून घ्या, फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवा. मी आतापर्यंत अकरा केल्या आहेत.

सावरपाणी

खापराचे मांडे, अंगावर काटा आला. आजींना नमस्कार सांगा.

खाडीकाठ

आम्ही पेणच्या बाजूचे, वरसईपासून लांब नाही. त्यामुळे गोडसे भटजींचं ‘माझा प्रवास’ इथे यायलाच हवं.

आमच्या गावच्या वाचनालयात दर रविवारी सकाळी आठ-दहा जण जमतात. बहुतेक सत्तरीपुढचे. मी त्यातला लहान, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे. विष्णुभट गोडसे हा वरसईचा गरीब भिक्षुक. घरावर कर्ज, म्हणून १८५७ साली काकांबरोबर उत्तरेत दक्षिणा मिळवायला निघतो आणि नेमका बंडाच्या धुमाळीत सापडतो. झाशीला वेढा पडला तेव्हा तो आत, शहरात होता. शहर पडल्यावर गोऱ्यांनी जी कत्तल केली, तिला त्याने ‘बिजन’ असा शब्द वापरला आहे. ती पानं वाचताना आमच्या वाचनालयातला पंखा सोडला तर कसलाही आवाज नव्हता. आगीची धग, रस्त्यातली प्रेतं, लपून काढलेल्या रात्री. हा माणूस सैनिक नाही, इतिहासकार नाही. त्याला भूक लागते, भीती वाटते, पैसे लुटले जातात तेव्हा रडू येतं. आणि इतकं होऊनही तो परत येताना गंगेची कावड आणतो आणि आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घालतो. कर्ज फेडायला गेलेला मुलगा पाणी घेऊन आला. आमच्यातले एक निवृत्त गुरुजी त्या पानाला उठून बाहेर गेले, थोड्या वेळाने येऊन बसले.

आता मुद्दा आवाजाचा. भटजींनी हे लिहिलं प्रसंगानंतर सुमारे पंचवीस वर्षांनी, भारताचार्य चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून. वैद्यांनीच १९०७ साली ते छापलं, पण भाषा सुधारून, काही मजकूर गाळून. मूळ हस्तलिखिताप्रमाणे पुस्तक आलं ते १९६६ साली, दत्तो वामन पोतदारांनी संपादित केलेलं. आमच्या वाचनालयात दोन्ही आहेत. मी हौसेने एकच प्रसंग दोन्हीतून वाचून दाखवला. वैद्यांचं ऐकायला गुळगुळीत. मूळचं खडबडीत, वाक्य कुठे संपतं ते कळत नाही, पण सगळ्यांनी एकमुखाने मूळच मागितलं. कारण त्यात माणूस बोलतो.

जुना पत्रा

खाडीकाठ, पोस्ट सुंदर, पण वैद्यांवर थोडा अन्याय होतोय. १९०७ साल डोळ्यांपुढे आणा. सत्तावनला जेमतेम पन्नास वर्षं झालेली, सरकार इंग्रजांचं, आणि झाशीची राणी जवळून पाहिलेल्या माणसाचं लिखाण छापायचं. लेखकाला आपल्या हयातीत ते छापलं जाण्याची भीती वाटत होती, म्हणून वैद्य त्याच्या मरणापर्यंत थांबले. त्यांनी कात्री लावली म्हणून ते लोकांपर्यंत पोचलं आणि मूळ हस्तलिखितही टिकलं. कात्री न लावता ते कपाटात कुजलं असतं तर १९६६ साली काय छापलं असतं?

भाषा सुधारण्याबद्दल मात्र तुमच्याशी पूर्ण सहमत. मजकूर गाळायला भीतीचं कारण होतं, भाषा बदलायला नव्हतं.

खाडीकाठ

मान्य. भीतीचा मुद्दा मी लिहायला हवा होता. पुढच्या रविवारी मंडळींना तो सांगतो.

माणदेशी मास्तर

मी जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकी शाळेत आहे. दुपारच्या खिचडीनंतर मुलं पेंगतात, तेव्हा दहा मिनिटं वाचतो. यंदा ‘बनगरवाडी’ घेतली. व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ सालची कादंबरी, पण आमच्या वर्गात ती कालची बातमी असल्यासारखी ऐकली जाते. वर्गातली निम्मी मुलं धनगरांची.

पहिल्याच दिवशी मी ‘मेंढ्या’ म्हटलं. मागून आवाज आला, ‘गुरुजी, मेंढरं.’ मेंढरांबरोबर गेलेली पोरं शाळेत येत नाहीत, हे त्या मास्तराचं दुखणं वाचताना मी थांबलो आणि हजेरीपट याच कारणाने अर्धा रिकामा असतो हे मुलांना सांगायची गरजच पडली नाही. त्यांनीच नावं घेतली. कोण कोकणात उतरलंय, कोण कुणाच्या वाड्याबरोबर गेलंय.

शेकूकडे एकच बैल असतो आणि त्याची बायको दुसऱ्या बैलाच्या जागी जुवाला खांदा लावते, हा प्रसंग मी आधी गाळायचं ठरवलं होतं. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना कशाला, असं वाटलं. मग वाचला. वर्ग गप्प. एक मुलगी म्हणाली, ‘तिला किती लागलं असंल.’ दुसरं कुणी काही बोललं नाही. मला बी.एड.ला शिकवलेलं रसग्रहण आठवलं आणि मी पुस्तक मिटून मुलांना ग्राउंडवर सोडलं.

शेवटी दुष्काळ पडतो, धनगर मेंढरं घेऊन निघून जातात, वाडी ओस पडते, मास्तरही निघतो. ते वाचून झाल्यावर सगळ्यांचा एकच प्रश्न: पाऊस पडल्यावर आली असतील ना परत? मी म्हणालो, पुस्तकात लिहिलेलं नाही. त्यावर एक पोरगा ठामपणे म्हणाला, ‘येत्यात गुरुजी. आमी येतो की.’

पिंपळपार

बराच वेळ लिहू की नको करत होते.

माझे बाबा ८१ वर्षांचे. जुन्या नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याकडचे, पुढे सगळी नोकरी मुंबईत. डोळे चांगले आहेत, पण हात थरथरतात, पुस्तक धरता येत नाही. त्यांनीच ‘बलुतं’ मागितलं. त्याचे लेखक दया पवार त्याच भागातले, धामणगावचे. १९७८ साली पुस्तक आलं तेव्हा बाबांनी हप्त्याहप्त्याने पैसे देऊन घेतलेली प्रत आमच्या घरी अजून आहे.

मी ते दोनदा वाचलेलं होतं. मोठ्याने वाचायला बसले आणि तिसऱ्या-चौथ्या पानावर अडकले. काही शब्द वडिलांसमोर तोंडातून निघेनात. जातीवरून दिलेल्या शिव्या, मुंबईच्या कावाखाना वस्तीतलं बायकांचं जगणं. मी एक वाक्य गाळलं. बाबांना ते पाठ होतं. म्हणाले, ‘वाच. ते शब्द आम्ही ऐकलेत. तुला नुसते वाचायचेत.’

त्यानंतर एकही शब्द गाळला नाही.

मनात वाचताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. या पुस्तकात दगडू पवार दया पवारला सांगतोय. एकच माणूस, पण शिकून पांढरपेशा झालेला एक आणि मागे राहिलेला एक. मोठ्याने वाचताना मला दोन आवाज काढावे लागले आणि दुसऱ्या दिवसापासून बाबा दगडू झाले आणि मी ऐकणारी. मी एक परिच्छेद वाचायची आणि ते त्यांचं सांगायचे. चाळिशी उलटली माझी, पण गावकीच्या वाट्याचं बलुतं मागायला माझी आजी कुठल्या दारात उभी राहायची, धान्य कसं वरून टाकलं जायचं, हे मी पहिल्यांदा ऐकलं. बाकी जे सांगितलं ते इथे लिहीत नाही, कारण ‘हे तुझ्यापाशी ठेव’ असं त्यांनी सांगितलंय.

दिवेलागण, तुमच्या आईंनी आत्याची गोष्ट सांगितली ना, ते वाचून लिहायचा धीर आला.

दिवेलागण

पिंपळपार, तुमची पोस्ट आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, ‘त्यांना माझा नमस्कार कळव.’ कळवते आहे.

शांत दुपार

थोडा वेगळा सूर लावते. सगळीच पुस्तकं मोठ्याने वाचायची नसतात आणि त्यात त्या पुस्तकांचा उणेपणा नाही.

मैत्रिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी तिला जी. ए. कुलकर्णींची ‘काजळमाया’ वाचून दाखवायला गेले. दोघींचं लाडकं पुस्तक. दोन कथांनंतर थांबलो. जी. ए. एका प्रतिमेत दुसरी प्रतिमा ठेवतात. आपल्याला मागे जाऊन तेच वाक्य पुन्हा वाचायचं असतं, मधेच खिडकीबाहेर बघायचं असतं. ऐकणाऱ्याला ते स्वातंत्र्य नाही, वाचणाऱ्याच्या वेगाने पुढे जावं लागतं. ती म्हणाली, ‘माझं अजून आधीच्या ओळीत चाललंय आणि तू पुढे गेलीस.’ ती कथा तिने महिन्याभराने, डोळे बरे झाल्यावर, एकटीने वाचली.

‘कोसला’चं मात्र उलट झालं. भालचंद्र नेमाड्यांची १९६३ सालची ती कादंबरी मला मनात वाचताना कधीकधी कंटाळवाणी वाटायची. ‘वगैरे’, ‘उदाहरणार्थ’ ही भर उगाचची वाटायची. मोठ्याने वाचताना तीच भर ताल धरायला लागली. बोलता बोलता माणूस जिथे अडखळतो, जिथे दुःख चुकवून जातो, तिथे ते शब्द बसवलेले आहेत. आणि मग मनी जाते, नायक पांडुरंगची धाकटी बहीण, देवी येऊन. तिथे आवाज नीट ठेवणं मला जमलं नाही.

डब्लिनकर

आमच्याकडे वाचणारी पुण्यात आणि ऐकणारा आयर्लंडमध्ये. माझी आई दर शनिवारी व्हिडिओ कॉलवर माझ्या आठ वर्षांच्या मुलाला ‘फास्टर फेणे’ वाचून दाखवते. त्याला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. फुरसुंगीचा बन्या, विद्याभवन शाळा, सायकल, यातलं त्याने काही पाहिलेलं नाही. पण भा. रा. भागवतांचा ‘टॉक’ त्याला पहिल्याच दिवशी सापडला. आई जीभ टाळूला लावून तो आवाज काढते आणि हा तिकडून तसाच काढतो. तीन आठवड्यांपूर्वी त्याने विचारलं की ‘टॉक’ मराठीत कसं लिहायचं. ट, त्याला काना, वर चंद्र, मग क. त्याने स्वतःहून लिहिलेला हा पहिला मराठी शब्द.

शाळकरी मुलांना पुढे काय वाचून दाखवावं? सुचवा.

माणदेशी मास्तर

डब्लिनकर, ‘श्यामची आई’ घ्या. जुनी, रडवी असं लोक म्हणतात, त्यांनी ती मोठ्याने वाचलेली नसावी. साने गुरुजींनी ती १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिली आणि तिची रचनाच सांगण्याची आहे. श्याम रोज रात्री सोबत्यांना एक आठवण सांगतो. प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. एका शनिवारी एक रात्र. तुमच्या आईंना सांगा की मधे थांबून मुलाला विचारायचं नाही की यातून काय शिकलास. मी पूर्वी विचारायचो आणि मुलं कंटाळायची. आता विचारत नाही.

जुना पत्रा

आणि पु. ल. ठेवा मोठेपणी. मोठ्याने वाचायला गेलं की वाचणाऱ्याच्या तोंडून पु. लं.चाच आवाज निघतो, कारण ‘बटाट्याची चाळ’ त्यांनी स्वतः रंगमंचावर एकट्याने उभी केली आणि तो आवाज घराघरांत मुरला आहे. मला तरी तो टाळून वाचता आलेलं नाही.

सावरपाणी

एक शंका. आता मराठीत श्राव्य पुस्तकं भरपूर आहेत, चांगल्या कलावंतांनी वाचलेली. मग आपण घसा कोरडा करून का वाचायचं? खोडसाळपणे विचारत नाही. सासूबाईंना मी फोनवर लावून देते आणि माझी कामं उरकते. हा धागा वाचून मनाला लागलं.

पिंपळपार

लावून देता हेही खूप आहे, मनाला लावून घेऊ नका. बाबा दुपारी फोनवर ऐकतात आणि त्यांना ते आवडतं. फरक एवढाच की फोन थांबत नाही. ‘बलुतं’ फोनवर ऐकलं असतं तर ते काही तासांत संपलं असतं. आम्हाला चार महिने लागले आणि त्यातला बराचसा वेळ मी वाचत नव्हते.

दिवेलागण

सगळ्यांचे मनापासून आभार. सावरपाणी, आठवड्यातून एकच दिवस दहा पानं वाचून बघा. सासूबाई काय म्हणतात ते इथे नक्की लिहा.

‘स्मृतिचित्रे’ काल संपलं. लक्ष्मीबाई १९३६ साली गेल्या आणि शेवटचा भाग त्यानंतर छापून आला. त्यामुळे पुस्तक संपताना बाई बोलता बोलता खोलीतून उठून गेल्यासारख्या वाटतात. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म घेतला तिथपासूनची पानं आई अगदी ताठ बसून ऐकत होती. नवऱ्याने धर्म सोडला, ही मुलाला घेऊन पंढरपुरात, आणि तरी पुढे ती त्याच्याकडे जाते. आणि विचार करता करता एक दिवस तिला पटतं की जात देवाने केलेली नाही, माणसाने केली. मिठालाही धुणाऱ्या घरातली मुलगी कुणाच्याही हातचं खायला तयार होते. आईने मला ते पान पुन्हा वाचायला लावलं, मग तिसऱ्यांदा. म्हणाली, ‘हिला कुणी शिकवलं नाही हे. बसून विचार केला तिने.’

परवा वाचता वाचता वीज गेली. बॅटरी शोधायला उठले तर आई म्हणाली, ‘बस गं, कशाला?’ आणि पुढचा प्रसंग तिने सांगितला. तीस वर्षांपूर्वी वाचलेला, जवळजवळ बाईंच्याच शब्दांत. मी अंधारात ऐकत बसले.

आता ‘माझा प्रवास’ घेतोय. खाडीकाठ, १९६६च्या संपादनावर बेतलेली, जरा मोठ्या टायपातली आवृत्ती कुठे मिळेल ते कळवा. टाइप माझ्यासाठी हवाय, माझाही चष्म्याचा नंबर वाढलाय. रविवारपासून सुरू करायचं आईने ठरवलंय.